प्रतिपिंड परीक्षा, व्हायरसजन्य रोगांची

प्रतिपिंड परीक्षा, व्हायरसजन्य रोगांची : व्हायरसाचा शरीरात प्रवेश झाल्यावर त्याच्या प्रतिकारार्थ रक्तात जी विशिष्ट प्रथिने तयार होतात त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. ही प्रतिपिंडे रक्तरसात आहेत किंवा नाहीत, असल्यास किती आहेत व कोणत्या प्रकारची आहेत, हे प्रयोगशाळेत ठरविण्याच्या पद्धतींना प्रतिपिंड परीक्षा म्हणतात. या परीक्षेत व्हायरस प्रत्यक्ष सापडत नाही, सापडते ती त्याच्या येऊन गेल्याची खूण. ही खूण कितपत विश्वसनीय मानावी, हा प्रश्न या शास्त्राच्या आरंभापासून त्याच्याबरोबर आहे. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर पुणे येथील व्हायरस संशोधन केंद्राच्या पहिल्याच पाहणीत तो उपस्थित झाला आणि आजही तो पूर्णपणे सुटलेला नाही.

तत्त्व : ज्या पदार्थामुळे प्रतिपिंडे निर्माण होतात त्याला प्रतिजन म्हणतात. प्रतिजन व त्याचे प्रतिपिंड कुलूपकिल्लीप्रमाणे परस्परांशी बद्ध होतात. परंतु या बंधनाला रंग, वास वा आवाज नसतो. ते घडले हे कळण्यासाठी त्याला एखादी दृश्य घटना जोडावी लागते. प्रतिपिंड परीक्षांचा सगळा इतिहास म्हणजे अशा सूचक घटनांच्या शोधाचा इतिहास होय. कधी उंदराचे जगणे वा मरणे, कधी तांबड्या कोशिकांचे गोळा होणे, तर कधी द्रवाला येणारा रंग हा सूचक ठरला.

परीक्षेसाठी शिरेतून घेतलेले रक्त गोठू देतात आणि वर सुटणारा पिवळसर रक्तरस केंद्रोत्सारणाने वेगळा करतात. त्याचे १:१०, १:२०, १:४० असे क्रमाने दुप्पट विरलीकरण करून ज्या शेवटच्या विरलीकरणात परीक्षा सकारात्मक येते तो त्या रक्तरसाचा अनुमापांक मानतात. एकाच नमुन्यातील अनुमापांकावरून चालू आजाराविषयी फारसे सांगता येत नाही, कारण प्रतिपिंडे अनेक वर्षांपूर्वीच्या संसर्गाचीही असू शकतात. म्हणून आजाराच्या आरंभी एक व दोन-तीन आठवड्यांनी दुसरा असे दोन नमुने घेऊन त्यांची एकाच वेळी परीक्षा करण्याची पद्धत रूढ झाली. दुसऱ्या नमुन्यातील अनुमापांक निदान चौपट वाढलेला असेल, तर आजार त्याच व्हायरसाचा मानतात. ही पद्धत शास्त्रदृष्ट्या चोख असली, तरी रुग्णाच्या उपयोगाची कमी, कारण निकाल येईपर्यंत रुग्ण बहुधा बरा झालेला असतो किंवा दगावलेला असतो.

ही अडचण काही अंशी प्रतिपिंडांच्या प्रकारांमुळे दूर झाली. संसर्गानंतर साधारणतः प्रथम आयजीएम प्रकारची प्रतिपिंडे दिसू लागतात व काही आठवडे ते काही महिन्यांत ती ओसरतात. आयजीजी प्रकारची त्यांच्या मागून येतात, पण दीर्घकाळ, कित्येकदा जन्मभर टिकतात. तेव्हा आयजीएम हे ताज्या संसर्गाचे व केवळ आयजीजी हे जुन्या संसर्गाचे लक्षण समजतात. पावसाळ्यात व त्यानंतर कल्याण, डोंबिवली, ठाणे यांसारख्या दाट वस्तीच्या शहरांत डेंग्यूच्या तापासाठी जी रक्ततपासणी केली जाते तिचा पाया हाच आहे. तापाच्या पहिल्या सु. पाच दिवसांत प्रतिपिंडे पुरेशी झालेली नसतात. त्या काळात व्हायरसाचे एनएस-१ हे प्रथिन शोधतात व त्यानंतर आयजीएम प्रतिपिंडे पाहतात. दुसऱ्या दिवशी केलेली आयजीएम परीक्षा नकारार्थी आली, तर डेंग्यू नाही असे ठरत नाही. ज्याला पूर्वी डेंग्यूच्या चार प्रकारांपैकी एकाचा संसर्ग होऊन गेला आहे, अशा व्यक्तीला दुसऱ्या प्रकाराचा संसर्ग झाल्यास आयजीजी झपाट्याने वाढते आणि आयजीएम मात्र कमी, क्वचित न मोजण्याइतके कमी राहते. वर्षानुवर्षे डेंग्यू असलेल्या गावात असे रुग्ण पुष्कळ असतात व अहवालाचा कागद वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते.

प्रारंभीच्या पद्धती : रक्तरसात रोगाविरुद्ध गुण असतो हे १८९० मध्ये एमील फोन बेरिंग व शिबासाबुरो कितासातो यांनी धनुर्वात व घटसर्प या जंतुजन्य रोगांच्या बाबतीत दाखविले. १८९६ मध्ये फेर्नां व्हीदाल यांनी विषमज्वराच्या रुग्णाच्या रक्तरसाने त्या रोगाचे जंतू गोळा होतात या गुणाचा निदानासाठी उपयोग केला. व्हायरस साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नसल्याने त्यांच्या बाबतीत असा सोपा मार्ग नव्हता. त्यामुळे सजीवाचाच सूचक म्हणून उपयोग करावा लागला. व्हायरस व संशयित रक्तरस यांचे मिश्रण पांढऱ्या उंदराच्या मेंदूत टोचतात. रक्तरसात प्रतिपिंडे असल्यास व्हायरस निष्प्रभ होऊन उंदीर जगतो, नसल्यास मरतो. हीच उदासिनीकरण परीक्षा होय. पुढे उंदरांच्या जागी काचपात्रात वाढविलेल्या कोशिकांचा थर वापरात आला. व्हायरस ज्या ज्या ठिकाणी कोशिका मारतो तेथे रिकामा ठिपका दिसतो आणि रक्तरसाने हे ठिपके किती कमी होतात ते मोजतात. ही परीक्षा वेळखाऊ व खर्चिक असून तीत जिवंत व्हायरस हाताळावा लागतो. तरीही अन्य परीक्षांच्या निकालाविषयी वाद उद्‌भवल्यास आजही तिच्याकडेच धाव घेतात.

पूरक-बंधन परीक्षा झ्यूल बॉर्दे व ऑक्ताव्ह झांगू यांनी १९०१ मध्ये शोधून काढली. रक्तातील पूरक नावाचा प्रथिनसमूह प्रतिजन-प्रतिपिंड बंधनात खर्च होतो, व तो खर्च झाला की मागाहून घातलेल्या तांबड्या कोशिका फुटत नाहीत, या तत्त्वावर ती आधारलेली आहे. १९४१ मध्ये जॉर्ज हर्स्ट यांना इन्फ्ल्यूएंझाच्या व्हायरसाने कोंबडीच्या तांबड्या कोशिका गोळा होतात असे आढळले. रक्तरसात प्रतिपिंडे असल्यास हे समूहन होत नाही. डेलफीन क्लार्क व जॉर्डी कॅझल्स यांनी १९५८ मध्ये हीच युक्ती डास, गोचीड इ. संधिपाद प्राण्यांमार्फत पसरणाऱ्या व्हायरसांसाठी गूझ पक्ष्याच्या कोशिका वापरून साध्य केली. एका पेटीतील खळग्यांत ओळीने विरलीकरणे मांडावयाची, कोशिका घालावयाच्या आणि तळाशी लाल ठिपका जमतो की पातळ थर पसरतो एवढेच पाहावयाचे. उंदरांच्या तुलनेने हे इतके स्वस्त व जलद होते की, हजारो नमुन्यांच्या पाहण्या त्यामुळेच शक्य झाल्या.

पुण्यातील पाहणी : भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी १९५२ मध्ये पुणे येथे व्हायरस संशोधन केंद्र स्थापन केले (१९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था). केंद्रापुढे पहिला प्रश्न होता तो भारतात संधिपादवाहित व्हायरस कोणते आहेत, हा. रुग्णांपासून व्हायरस वेगळे करीत बसण्यास कित्येक वर्षे लागली असती. त्याऐवजी के. सी. स्मिथबर्न, जे. ए. कर व पी. बी. गटणे यांनी देशाच्या निरनिराळ्या भागांतील रहिवाशांचा रक्तरस गोळा करून त्यावर अन्य देशांत सापडलेल्या व्हायरसांविरुद्ध उदासिनीकरण परीक्षा केल्या. स्मिथबर्न यांनी युगांडात काम केलेले होते व १९३७ मध्ये तेथे वेस्ट नाईल व्हायरस प्रथम वेगळा करणाऱ्यांत ते होते. आफ्रिकेतले व्हायरस भारतीय रक्तरसापुढे ठेवण्याची कल्पना त्यामुळेच सुचली असावी.

निष्कर्ष १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. जपानी मस्तिष्कशोथाच्या व्हायरसाविरुद्ध प्रतिपिंडे नागपूर व मद्रास राज्यातील चिंगलपुट येथील नमुन्यांत सापडली, आणि १९५५ मध्ये वेल्लोर येथे या रोगाचे रुग्ण निश्चित झाले. म्हणजे रोग ओळखला जाण्यापूर्वीच रक्ताने त्याची वर्दी दिली होती. सौराष्ट्र व कच्छ येथील काही रक्तरसांनी रशियातील गोचीडवाहित मस्तिष्कशोथाच्या व्हायरसाला निष्प्रभ केले. हा निकाल त्या वेळी चमत्कारिक वाटला, कारण तो रोग सैबीरियाच्या थंड अरण्यांतला. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर अरण्यात माकडे मरू लागली व माणसांना रक्तस्रावी ताप येऊ लागला, तेव्हा पुण्याच्या केंद्राने वेगळा केलेला व्हायरस त्याच रशियन गटाचा निघाला. क्यासनूर अरण्य रोग तेव्हापासून माहीत झाला. २०१६ मध्ये त्याची साथ सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग परिसरात आली.

याच पाहणीत झिका व्हायरसाविरुद्ध तपासलेल्या १९६ व्यक्तींपैकी ३३ जणांच्या रक्तरसात उदासिनीकरण करणारी प्रतिपिंडे आढळली. झिका व्हायरस युगांडातील एका माकडात १९४७ मध्ये सापडलेला. १९५० च्या सुमारास भारतात तो असल्याचे दुसरे कोणतेही चिन्ह नव्हते. या निकालाचा सरळ अर्थ असा की व्हायरस भारतात होता. दुसरा अर्थ असा की डेंग्यू, जपानी मस्तिष्कशोथ, वेस्ट नाईल, क्यासनूर व झिका हे सर्व एकाच कुलातील व्हायरस असल्यामुळे एकाविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्यालाही काही प्रमाणात बद्ध होतात. ज्याला दोन-तीन वेळा डेंग्यू व एकदा जपानी मस्तिष्कशोथ यांचा संसर्ग झाला आहे, अशा माणसाचा रक्तरस या कुलातील न भेटलेल्या व्हायरसालाही ओळख दाखवितो. या परस्पर विक्रियेची व्याप्ती त्या काळी पुरती कळलेली नव्हती. क्यासनूरच्या बाबतीत हीच परस्पर विक्रिया मार्गदर्शक ठरली आणि झिकाच्या बाबतीत तिने संभ्रम निर्माण केला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

नागपूर व बार्शी : १९६५ मध्ये नागपूर येथे चिकुनगुन्या व डेंग्यू यांच्या तापाची साथ असताना दोन रुग्णांच्या रक्तातून एक अपरिचित व्हायरस मिळाला. तेथील वस्तीवरून त्याला चांदिपुरा हे नाव पडले. प्र. न. भट व एफ. एम. रॉड्रिग्ज यांनी १९६७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढील पाहण्यांत माणसे व पाळीव जनावरे यांच्या रक्तरसात या व्हायरसाची प्रतिपिंडे दूरवर पसरलेली आढळली. पण रोगी मात्र दिसेनात, त्यामुळे तो निरुपद्रवी मानला गेला. २००३ मध्ये आंध्र प्रदेश व महाराष्ट्रात मुलांमध्ये तीव्र मस्तिष्कशोथाची साथ आली व तीत हाच व्हायरस आढळला. एकट्या आंध्र प्रदेशात ३२९ मुले आजारी पडून १८३ दगावली. अनेक मुले एक-दोन दिवसांतच मृत्यू पावली, एवढ्या अवधीत प्रतिपिंडे बनतच नाहीत. अशा रोगात प्रतिपिंड परीक्षा ही वाचलेल्यांची परीक्षा असते. निदान व्हायरसाच्या न्यूक्लिइक अम्लावरून करावे लागते.

चिकुनगुन्याची कथा वेगळी आहे. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे त्याची साथ आली व सु. ३७·५ टक्के लोक आजारी पडले. त्यानंतर हा व्हायरस भारतातून जवळजवळ दिसेनासा झाला. रोग ओसरला हे सिद्ध करण्यासही प्रतिपिंडेच उपयोगी पडतात. त्यासाठी वयोगटाप्रमाणे रक्तरस तपासतात. प्रौढांत प्रतिपिंडे आहेत आणि अमुक वर्षानंतर जन्मलेल्यांत नाहीत, असे आढळल्यास व्हायरस केव्हा फिरत होता व केव्हा थांबला हे, वृक्षाच्या वलयांवरून अवर्षण ओळखावे तसे, ओळखता येते. कलकत्ता येथे १९९४ मध्ये केलेल्या पाहणीत चिकुनगुन्याची प्रतिपिंडे ४·३७ टक्के नमुन्यांत व तीही मुख्यतः उतारवयाच्या लोकांत आढळली. म्हणजे तरुण पिढी या रोगाला पूर्णपणे उघडी होती. २००५ च्या अखेरीस तो परतला आणि २००६ मध्ये महाराष्ट्रात त्याच्या मोठ्या साथी आल्या.

साठविलेला रक्तरस : रक्तरस गोठवून ठेवल्यास त्यातील प्रतिपिंडे अनेक वर्षे टिकतात, आणि म्हणून तो मागाहून निघालेल्या परीक्षेने तपासता येतो. याचे उत्कृष्ट उदाहरण दिल्लीच्या काविळीच्या साथीचे आहे. १९५५ च्या अखेरीस यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून दिल्लीत सु. २९,३०० लोकांना कावीळ झाली. पाण्यातून पसरणारी कावीळ म्हणजे आता ज्याला अ-यकृतशोथ म्हणतात तो रोग, असे त्या वेळी सर्वांनी गृहीत धरले. अ-यकृतशोथाच्या प्रतिपिंडांची परीक्षा १९७० नंतरच्या दशकात उपलब्ध झाली. तेव्हा अमेरिकेतील डी. सी. वाँग व रॉबर्ट पर्सेल आणि पुण्याच्या संस्थेतील एम. ए. श्रीनिवासन, एस. आर. प्रसाद व खोर्शेद पावरी यांनी दिल्लीच्या व त्यानंतरच्या साथींतील जपून ठेवलेले रक्तरस तपासले. रुग्णांच्या रक्तात अ-यकृतशोथाची प्रतिपिंडे होती, पण ती जुन्या, बालपणीच्या संसर्गाची. ताज्या संसर्गाची खूण नव्हती. म्हणजे कावीळ दुसऱ्याच कशाने तरी झाली होती. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षामुळे, आणि त्याच वर्षी काश्मीरमधील साथीच्या अभ्यासामुळे, एका नव्या यकृतशोथाचे अस्तित्व मान्य करावे लागले. त्याचाच व्हायरस पुढे ई-यकृतशोथाचा व्हायरस म्हणून ओळखला गेला. पाव शतकापूर्वी कोणीतरी नमुन्यांवर नीट नोंद करून ते गोठवून ठेवले नसते, तर हे घडले नसते. संशोधनसंस्थांत जपलेले नमुने हे ग्रंथालयातील हस्तलिखितांइतकेच मोलाचे असतात.

एलायझा : १९७१ मध्ये स्वीडनमधील एव्हा एंगव्हाल व पेटर पेर्लमान यांनी आणि त्याच सुमारास नेदर्लंड्समधील संशोधकांनी प्रतिपिंडाला एंझाइम जोडण्याची पद्धत मांडली. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला एलायझा म्हणतात. प्लॅस्टिकच्या पट्टीवरील ९६ खळग्यांच्या तळाशी प्रतिजन चिकटवितात. रक्तरस घालून काही वेळाने खळगे धुतात. प्रतिपिंडे असल्यास ती प्रतिजनाला धरून राहतात, बाकी सर्व वाहून जाते. मग मानवी प्रतिपिंडाला चिकटणारे व पेरॉक्सिडेज एंझाइम जोडलेले दुसरे प्रतिपिंड घालतात, पुन्हा धुतात व शेवटी रंगहीन द्रव्य घालतात. एंझाइमाने त्याचा रंग निळा होतो व अम्लाने विक्रिया थांबविल्यावर पिवळा होतो. रंगाची तीव्रता ४५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाने मोजतात. आयजीएम शोधण्यासाठी उलटी रचना करतात : तळाशी मानवी आयजीएम पकडणारे प्रतिपिंड ठेवून रुग्णाचे सर्व आयजीएम प्रथम धरून ठेवतात व त्यांतील कोणते विशिष्ट व्हायरसाच्या प्रतिजनाला धरते ते पाहतात. डेंग्यू, चिकुनगुन्या व जपानी मस्तिष्कशोथ यांच्यासाठी पुण्याच्या संस्थेत तयार होणारे संच याच पद्धतीचे असून ते देशभरातील शासकीय केंद्रांना पुरविले जातात.

एलायझाचा सर्वांत मोठा वापर एड्सच्या व्हायरसाच्या बाबतीत झाला. भारतात १९८६ पासून अशा परीक्षा सुरू झाल्या. येथे चुकीच्या सकारात्मक निकालाची किंमत माणसाला आयुष्याने मोजावी लागते. एक हिशेब पाहण्यासारखा आहे. १०,००० लोकांत १०० जण संसर्गित आहेत व परीक्षा दोन्ही बाजूंनी ९९ टक्के अचूक आहे असे मानू. संसर्गितांपैकी ९९ सापडतील, परंतु उरलेल्या ९,९०० निरोगी लोकांपैकीही ९९ जण संसर्गित ठरतील. म्हणजे सकारात्मक कागद हाती पडलेल्यांतील निम्मे लोक निरोगी असतील. म्हणून एका परीक्षेवर निदान न करता भिन्न प्रतिजनांच्या वा तत्त्वांच्या तीन परीक्षांनी ते पक्के करतात. रक्तपेढीत मात्र एकाच सकारात्मक निकालावर रक्त टाकून देतात, कारण तेथे चूक होऊन एक पिशवी वाया गेलेली परवडते.

कोव्हिड-१९ : २०२० च्या मे महिन्यात पुण्याच्या संस्थेने कोव्हिडच्या व्हायरसाविरुद्धची आयजीजी प्रतिपिंडे शोधणारी कवच ही एलायझा परीक्षा जाहीर केली. तीत सु. अडीच तासांत ९० नमुने तपासता येत. त्यापूर्वी एप्रिलमध्ये परदेशातून आणलेल्या काही जलद परीक्षा-संचांचे निकाल इतके विसंगत आले होते की, ते वापरू नयेत असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेला राज्यांना कळवावे लागले. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांतील ६,९३६ नमुन्यांच्या पाहणीत झोपडपट्ट्यांतील ५७ टक्के व इतर वस्तीतील १६ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. निदान झालेल्या रुग्णांपेक्षा संसर्गितांची संख्या कितीतरी पटींनी अधिक होती, आणि एका खोलीत सहा-सात जण राहणाऱ्यांना अंतर पाळणे अशक्य होते, हे या दोन आकड्यांवरून स्पष्ट झाले. पुढच्याच महिन्यातील फेरीत झोपडपट्टीचा आकडा ४५ टक्क्यांवर आला. संसर्ग झालेल्यांची संख्या अर्थातच घटू शकत नाही. वापरलेली परीक्षा व्हायरसाच्या आतील न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे मोजत होती व ही प्रतिपिंडे काही महिन्यांत मोजमापाच्या मर्यादेखाली उतरतात, हे त्याचे एक संभाव्य कारण होय.

लसीकरणानंतर परीक्षेची निवड आणखी नाजूक झाली. कोव्हिशील्ड लसीमुळे केवळ व्हायरसाच्या कंटक-प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे बनतात. तेव्हा ती घेतलेल्याच्या रक्तात न्यूक्लिओकॅप्सिडविरुद्ध प्रतिपिंडे दिसल्यास त्याला संसर्गही होऊन गेला असे म्हणता येते. पुण्यात वेगळ्या केलेल्या व्हायरसापासून बनविलेल्या कोव्हॅक्सिनमध्ये संपूर्ण मृत व्हायरस असल्याने तिच्या बाबतीत हा भेद करता येत नाही. सप्टेंबर २०२१ मधील मुंबईच्या पाचव्या पाहणीत ८६·६४ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली, ती संसर्गाची व लसीची मिळून.

झिका व्हायरसाचे भारतातील पहिले निश्चित रुग्ण अहमदाबाद येथे २०१६–१७ मध्ये व महाराष्ट्रातील पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यातील बेलसर (ता. पुरंदर) येथे आढळला. दोन्ही ठिकाणी निदानाचा भर व्हायरसाच्या न्यूक्लिइक अम्लावर होता. १९५२ च्या पाहणीतील ३३ रक्तरसांनी खरोखर झिका पाहिला होता की त्याच्या कुलबंधूंना, याविषयी मतभेद आहेत.